शिरेला जीभ नसते

आमच्या डॉक्टरांना नितळ गोष्टींचा फार राग होता. लग्नाच्या पंगतीत सरबत आलं आणि ग्लासातून पलीकडचं माणूस दिसलं, की ते ग्लास तसाच शेजाऱ्याकडे सरकवायचे. परटाकडून आलेल्या कडक पांढऱ्या कपड्यांतला माणूस दवाखान्याची पायरी चढला, की त्याला सगळ्यांत शेवटी आत घ्यायचे. "जे आरपार दिसते ना राजा, ते आधीच फुटलेलं असते," असं म्हणायचे. नवख्याला वाटायचं, काही तरी अध्यात्म सांगून राहिले. अध्यात्म-बिध्यात्म काही नव्हतं. त्यांच्या डोक्यात चोवीस तास एक काचेची नळी उभी असायची, आणि सगळं जग ते त्या नळीतून बघायचे.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं आणि जिल्हा मध्यप्रदेशात. गावात धान गिरण्या, बिडीचे कारखाने, लाखेची गोदामं, आणि या सगळ्यांच्या मधोमध आमचा धर्मादाय दवाखाना. सहा खाटा, एक डॉक्टर आणि एक कंपाउंडर. कंपाउंडर मी. तेव्हा चोविशीत होतो, लग्न नुकतं झालं होतं. आज पन्नाशी ओलांडली आहे. या सव्वीस वर्षांत डॉक्टरांच्या गमती मी शंभर वेळा लोकांना सांगितल्या आणि शंभर वेळा एका ठिकाणी येऊन थांबलो. आज थांबायचं नाही असं ठरवून बसलो आहे.

तर नळी.

काही औषधं पाण्यात विरघळत नाहीत. कंपन्या मग ती एका घट्टसर, गोडसर द्रावात विरघळवून काचेच्या कुप्यांत भरून पाठवायच्या. द्राव दिसायला मोठा साळसूद. ना रंग, ना वास. पण आमच्या डॉक्टरांचा त्याच्यावर डूख होता. ते म्हणायचे, औषध बिचारं गरीब असते, पण त्याले घेऊन येनारा गाडीवान दारुडा असते. औषध मुक्कामी पोचवायच्या आधी हा रस्त्यातली दहा माणसं चिरडते. ही चिरडली जाणारी माणसं म्हणजे रक्तातल्या लाल पेशी. द्राव थेट शिरेत गेला तर त्या पटापट फुटतात, त्यांच्यातला रंग बाहेर पडतो, आणि तो मूत्रपिंडांतून काळसर लाल होऊन लघवीवाटे निघतो. हे त्यांनी कुठल्या तरी जुन्या इंग्रजी मासिकात वाचलं होतं, आणि वाचलेलं त्यांना कधी नुसतं पुरत नसे.

म्हणून त्यांनी दवाखान्यापुरता एक कायदा केला. नव्या औषधाची पेटी आली की आधी परीक्षा. काचेच्या नळीत रक्ताला मानवेल इतक्या मिठाचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब सोडायचे, आणि त्यात माणसाच्या ताज्या रक्ताचा एक थेंब. अर्धा तास वाट बघायची. मग नळीमागे वर्तमानपत्र धरायचं. पाणी गढूळ लाल राहिलं, मागचं अक्षर दिसलं नाही, तर पेशी शाबूत. ते औषध शिरेत चालेल. पाणी नितळ लाल झालं आणि मागची बातमी वाचता आली, तर पेशी मेल्या. त्या पेटीवर मी लाखेचा लाल ठिपका द्यायचो, आणि ते औषध फक्त कुल्ल्यात. कुल्ल्याबद्दल त्यांना फार आदर होता. शरीरातला सगळ्यांत सोशिक अवयव, पाटलापासून पटवाऱ्यापर्यंत सगळे ज्याच्यावर बसतात तो, आणि तरी तक्रार नाही, असं ते म्हणायचे.

"शिरेले जीभ नसते," हे त्यांचं दुसरं वाक्य. "तिले थू करता येत नाही. म्हणून तिच्या आधी आपन चाखाचं."

आणि खरंच चाखायचे. कुपी फोडून एक थेंब जिभेवर घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि चव सांगायचे. गोड लागलं की लगेच संशय.

कंपन्यांचे एजंट नागपूरहून पॅसेंजरने यायचे. त्यांच्यात आमच्या दवाखान्याची ख्याती झाली होती. कारण परीक्षेला लागणारं रक्त डॉक्टर ज्याचं औषध त्याच्याच बोटातून मागायचे. एकदा एक नवा एजंट आला, गळ्यात टाय, केसांना तेल. त्याने आपल्या इंजेक्शनचं गुणगान सुरू केलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, बोट द्या. तो हसला, त्याला वाटलं थट्टा आहे. मी त्याच्या बोटाला सुई टोचली तेव्हा तो तसाच हसत हसत बाकावरून खाली गेला. त्याला शुद्धीवर आणून, पाणी पाजून अर्धा तास होईतो नळी नितळ झाली होती. डॉक्टरांनी तिच्यामागे पेपर धरला आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवलं: तांदूळ, गहू, जवस, सगळे बाजारभाव. मग नळी त्याच्या हातात दिली. "बाबूजी, आपकी दवा में से पूरा मंडी का भाव दिखता है. नस में नहीं जाएगी." तो एजंट पुन्हा आला नाही. पुढे पुढे एजंट पेट्या नुसत्या पार्सलने पाठवू लागले, आणि पेट्यांसोबत बोट येत नव्हतं.

मग बोट माझं.

इथे त्यांची एक खोड सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. परक्या माणसाचं कितीही रक्त वाहो, डॉक्टर सुपारी कातरत उभे राहायचे. पण ओळखीच्या, जवळच्या माणसाच्या बोटातून थेंब जरी निघाला तरी ते डोळे मिटून घ्यायचे. स्वतःचंही चालत नसे. "घरच्याचं बघवत नाही," म्हणायचे. त्यांच्या घरी कोणी नव्हतं. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली होती, त्यावर ते बोलत नसत. मी दवाखान्यात लागलो त्याला सहा महिने झाले असतील. एक दिवस मी त्यांच्यासमोर बोट टोचलं आणि त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. मग म्हणाले, "तू आतल्या खोलीत करत जा रे." मला नोकरी पक्की झाल्याचं पत्र मिळालं असतं तरी इतका आनंद झाला नसता. मला बाप नव्हता. तेव्हापासून मी आत जाऊन एकटा टोचायचो आणि तयार नळी बाहेर घेऊन यायचो.

पहिले काही महिने अभिमान होता. मग बोटं झोंबायला लागली. ज्याने रोज मिरचीचा ठेचा भाताबरोबर कालवून खाल्ला आहे आणि ज्याच्या त्या हाताच्या बोटांना चार ताजी भोकं आहेत, त्यालाच हे कळेल. डावा हात वापरून बघितला, तर डाव्या हाताने कुप्या धरता येईनात. बायको म्हणायची, डॉक्टरच्या घरी नोकरी करून राहिले का ढेकणाच्या? एका मंगळवारी बाजारात कोंबड्या कापणाऱ्याच्या दुकानासमोर उभा होतो. मानेतून रक्त भांड्यात पडत होतं आणि भांडं गटारीत रिकामं होत होतं. मनात आलं, रक्त ते रक्त. लाल आहे, ऊन आहे, थेंबाने काम आहे. दुसऱ्या मंगळवारी मी दवाखान्यातली, रक्त गोठू न देणारं मीठ घातलेली छोटी बाटली खिशात घालून गेलो.

त्यानंतर आतल्या खोलीत जाऊन मी दोन मिनिटं नुसता उभा राहायचो, एकदा स्स करायचो, बाटलीतला थेंब नळीत टाकायचो आणि बोटावर कापूस धरून बाहेर यायचो.

आणि एक नवल झालं. त्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात एकही औषध नापास झालं नाही. जी पेटी येईल ती गढूळ. तीन महिन्यांत लाखेची कांडी तापवायची वेळ आली नाही. डॉक्टर आधी चक्रावले, मग खूश झाले. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, की इंग्रज गेला आणि आपल्या कंपन्या सुधारल्या. स्वराज्याचा परिणाम रक्तात दिसतो म्हणे. मीही मान डोलवायचो. मला खरोखरच काही कळलं नव्हतं. कुठलंही औषध फुटत नाही ही बातमी चांगली आहे, एवढीच माझी अक्कल.

मग कुडव्याची भागरथाबाई आली.

कुडवा तेव्हा गावाबाहेरचं खेडं होतं. भागरथाबाई बिडी वळायची, नवरा गिरणीत पोती वाहायचा. तिला त्याने बैलगाडीत घालून आणलं ते भर दुपारी. ताप डोक्यात चढलेला, हातपाय आखडून झटके येत होते, दात बसले होते. तिसरा महिना चालू आहे, हेही नवऱ्याने सांगितलं. झटके थांबवणारं एक नवं इंजेक्शन आठच दिवसांपूर्वी आलं होतं. नळी मी दाखवली होती, गढूळ. पेटीवर ठिपका नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "हे शिरेचं ना?" मी हो म्हटलं. त्यांनी एक कुपी दिली, झटके थांबेनात, दुसरी दिली, तिसरी दिली. झटके थांबले. नवरा डॉक्टरांच्या पाया पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेखालचं भांडं मी उचललं. आत काताच्या पाण्यासारखं काळपट लाल काही होतं. मी ते डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी भांडं खिडकीशी उजेडात धरलं. मग त्या पेटीतली कुपी काढली, नळी मांडली, स्वतःचं बोट माझ्यापुढे केलं आणि छताकडे बघत शुभंकरोति म्हणायला लागले. मी टोचलं. अर्ध्या तासाने त्यांनी पेपर धरला. त्या दिवशीची सगळी बातमी स्वच्छ वाचता येत होती.

"तू परीक्षा केली होती?"

"केली होती. तुम्हीच बघितलं ना, गढूळ होतं."

"रक्त कोनाचं?"

इथे. या एका ठिकाणी मी सव्वीस वर्षं थांबत आलो. खोलीत आम्ही दोघंच होतो. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कोडं सोडवणाऱ्या माणसाचा आवाज होता. मी म्हणालो, "माझं."

दहा दिवस भागरथाबाई पिवळी पडून होती. सलाईन, सोड्याचं पाणी, उशाशी मी. चौथ्या दिवशी तिचं पोट गेलं, गर्भ पडला. तापाने गेलं की सुईने, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर तिच्या नवऱ्याला म्हणाले. अकराव्या दिवशी लघवीचा रंग साफ झाला. ती उठून बसली तेव्हा डॉक्टर स्टूल घेऊन तिच्यासमोर बसले आणि तिला सांगितलं, की बाई, औषध आम्ही तपासलं होतं, आमच्या माणसाच्या रक्तावर ते चाललं, तुझ्या रक्तावर नाही चाललं, आधी कळण्यासारखं नव्हतं. ती बिचारी हो म्हणाली. मी बाजूला काढ्याची बाटली हलवत होतो. हलवायची गरज नव्हती.

आता यात हसण्यासारखं काय आहे? आहे. कारण डॉक्टरांच्या डोक्यातलं कोडं सुटलं होतं, आणि उत्तर मी होतो. सगळ्यांच्या पेशी ज्या द्रावात फुटतात त्यात एका माणसाच्या फुटत नाहीत. परीक्षांच्या जुन्या वह्यांत माझंच रक्त आधी फुटलेलं होतं, पण त्याचाही त्यांनी अर्थ लावला: सारखं सारखं टोचून रक्त घट्ट झालं असणार, लोहाराच्या हातासारखं. त्यांनी तीनदा पुन्हा परीक्षा घेतली. तीनदा मी आत जाऊन स्स केलं. तीनदा गढूळ. प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. प्रत्येक वेळी ते इतके आनंदाने पेपर खाली ठेवायचे, की मी नळी धुवायला घ्यायचो.

मग मी दवाखान्याचा कंपाउंडर राहिलो नाही, राष्ट्रीय संपत्ती झालो. मला रोज सकाळी दूध सुरू झालं. पावसात सायकल बंद. न्हाव्याला त्यांनी स्वतः जाऊन ताकीद दिली, की याची दाढी करताना एक थेंब वाया गेला तर बघ. न्हावी त्यामुळे इतका जपून वस्तरा फिरवायचा, की पूर्वी कधी कापलं नव्हतं ते तेव्हा कापायचं. शेजारचे लोक मला बघायला यायचे. एकाने विचारलं, तुम्हाला साप चावला तर? घरी बायको म्हणाली, तुमचं रक्त एवढं जबर, मंग डास कसे काय चावून राहिले? तिला मी कोंबडीचं सांगितलं होतं. ती म्हणाली होती, उद्याच्या उद्या त्यांना सांगा. उद्या मी सांगितलं नाही आणि परवा तिने विचारलं नाही.

डॉक्टरांनी नागपूरच्या एका मोठ्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक नव्हता, तीन वर्षं मागून राहिले होते. प्राध्यापकांनी कळवलं, नमुना घेऊन या. डॉक्टरांनी माझ्याकडे बाटली मागितली. मी आत गेलो. मंगळवारची बाटली शेल्फवर होती, आणि माझं बोट माझ्या हाताला होतं. बोट टोचलं असतं तर नागपूरला एवढंच दिसलं असतं, की गोंदियाच्या कंपाउंडरचं रक्त चारचौघांसारखं फुटतं. मग डॉक्टर विचारत आले असते, आधी का नाही फुटलं? त्या प्रश्नाला मी भ्यालो आणि मंगळवारची बाटली दिली. कोंबडीच्या रक्तात नेमकं काय वेगळं असतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, भिंगातूनही लाल ते लालच दिसेल.

सकाळच्या गाडीला त्यांना पोचवायला गेलो. त्यांनी लग्नातला कोट घातला होता. बाटली रुमालात गुंडाळून आतल्या खिशात, छातीशी. गाडी सुटायला वेळ होता. ते खिडकीत बसून मला सांगत होते, की प्राध्यापक म्हणतील तर पुढच्या खेपेला तुलाही नेईन, घाबरू नको, नागपुरात माझी एक मावसबहीण आहे, तिच्याकडे उतरू. मी खिडकीचा गज धरून उभा होतो. गार्डने शिटी दिली. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, जेवण वेळेवर करा."

दोन दिवसांनी परत आले. दवाखान्यात रोगी होते, ते सगळे त्यांनी तपासले. दुपारी दार ओढून घेतलं आणि समोर बसवून मला सगळं सांगितलं, एखाद्या तिऱ्हाइताची गंमत सांगावी तसं. प्राध्यापकांच्या खोलीत पाच-सहा शिकाऊ डॉक्टर जमले होते. यांनी परीक्षा करून दाखवली, गढूळ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग प्राध्यापकांनी एक थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ वर बघितलंच नाही.

"मग वर पाहून मले म्हनते, डॉक्टर, आपका कंपाउंडर अंडे देता है क्या?"

खोली हसली म्हणे. त्यांनी यांनाही आत बघायला लावलं. माणसाची लाल पेशी म्हणजे मोहाचं फूल, डॉक्टर मला समजावून सांगू लागले, अगदी रोजच्या स्वरात. आत नुसता रस, बी नाही. फुटलं की उरत काही नाही, पाणी नितळ. कोंबडीची पेशी म्हणजे मोहाची टोरी, त्याचं फळ. तिच्या आत बी असते. साल फुटते, रस सांडतो, पण बी राहते. हजारो बिया पाण्यात तरंगत राहतात, म्हणून पाणी गढूळचं गढूळ. काहीही टाका, गढूळच. "तीन महिने आपन कोंबडीले विचारून मानसाले सुया देल्या," ते म्हणाले.

मी विचारलं, तुम्ही त्यांना काय सांगितलं?

"सांगतलं, बाटली माह्या हातानं बदलली. म्हातारा झालो म्हनलं."

मी रडायला लागलो असेन. त्यांनी ते होऊ दिलं. मग टेबलावरची सुई उचलली, माझा हात ओढला, आणि स्वतः माझं बोट टोचलं. थेंब वर आला. ते त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून बघत राहिले.

"आता बघवते," म्हणाले.

नोकरीवरून काढलं नाही. मला वाटत होतं काढावं. दूध बंद झालं, बाकी सगळं तसंच. फक्त प्रत्येक नव्या पेटीला ते स्वतः टोचायचे आणि बघायचे. आणि एकच काम त्यांनी मला दिलं होतं. भागरथाबाईला जाऊन खरं सांगायचं. मी म्हणालो, तुम्ही पण चला. ते म्हणाले, "मी आलो तर ते माह्यं होईल. मोठा मानूस आला, माफी मागून गेला, संपलं. तू जा. तिले शिव्या द्याच्या असन तर तोंडावर देता आल्या पाहिजे." दर सोमवारी विचारायचे, गेला होता? मी नाही म्हणून मान हलवायचो. ते पुढच्या रोग्याला बोलवायचे.

शेवटी एक दिवस गेलो. भागरथाबाई दारात बसून बिड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. मला बघून तिला इतका आनंद झाला, की तिने शेजारणींना हाक मारली. हाच तो कंपोडरभाऊ, दहा दिवस माह्या उशाशी बसून होता, सख्खा भाऊ नाही बसत असा. मला बसायला पोतं टाकलं. पेरू दिला. मी पेरू खाल्ला, तब्येत विचारली, हातापायांना सूज येते का ते विचारलं, आणि उठलो. रस्त्यात कुडव्याच्या तळ्याच्या पाळीवर थोडा वेळ बसलो. तिथून परत फिरलो असतो तर अर्ध्या कोसाचं अंतर होतं.

डॉक्टर दवाखान्याच्या पायरीवरच उभे होते. "सांगतलं?"

"सांगितलं."

"सगळं? कोंबडीचं पन?"

"सगळं."

"काय म्हनली?"

याची मी तयारी केली नव्हती. आणि तोंडातून जे आलं ते आजपर्यंत मला कळलेलं नाही की कुठून आलं. मी म्हणालो, "थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, होते असं."

डॉक्टर पायरीवर बसले. चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. "होते असं," ते स्वतःशीच म्हणाले. आत गेले. दोन दिवसांनी नवी पेटी आली. त्यांनी सुई माझ्याकडे दिली आणि मान भिंतीकडे फिरवली.

मी आत जाऊन टोचलं. खरं टोचलं. पुन्हा कधीही कोंबडीचं आणलं नाही, हे सांगून काही फायदा आहे असं नाही, पण खरं आहे. त्या दिवशी मला घर परत मिळालं, आणि ते मी कशाच्या बदल्यात घेतलं हे फक्त मला माहीत होतं.

पुढे ते "होते असं" त्यांच्या तोंडात बसलं. शिरेला जीभ नसते, हे वाक्य मागे पडलं. कोणी भांडत आला, भाऊबंदकीचं सांगत आला, सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आली, की ते सांगायचे: कुडव्याची एक बाई आहे, बिडी वळते, तिचं आमच्या हातून पोट गेलं, आणि ती काय म्हणाली माहीत आहे? माणसं आपलं गाऱ्हाणं तसंच गुंडाळून उठायची. एकदा गिरणीच्या मालकालाही सांगितलं. मी काढ्याच्या बाटल्या भरत ऐकायचो. महाराष्ट्र झाला त्या वर्षी ते गेले. शेवटचे आठ दिवस त्याच सहा खाटांपैकी एकीवर होते. ताप चढलेला असायचा, मधून मधून तेच म्हणायचे आणि हसायचे. मला वाटतं, सुखाने गेले.

भागरथाबाई अजून आहे. मंगळवारच्या बाजारात भाजी घेऊन बसते, केस पांढरे झाले. मी दिसलो की मूठभर संभार, म्हणजे कोथिंबीर, पिशवीत टाकते. पोरंबाळं पुन्हा झाली नाहीत. मागच्या हिवाळ्यात एका मंगळवारी मी तिच्या टोपलीशेजारी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. कोंबडीपासून. बाजार चालू होता, मधे मधे ती गिऱ्हाइकाला वांगी मोजून देत होती. मी पायरीवरचंही सांगितलं, तिच्या नावावर मी काय बोललो ते.

तिने तागडी खाली ठेवली.

"मी कायले म्हनीन असं? माहं लेकरू गेलं."

मी म्हणालो, हो.

"अन् त्यानं खरं मानलं?"

"हो. मरेपर्यंत."

ती टोपलीतली वांगी वर-खाली करू लागली. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि मी त्याची वाट बघत होतो, खरंच बघत होतो. पण ती माझ्याशी बोलत नव्हतीच.

"मानूस बरा होता रे तो," ती म्हणाली. "मी तसं नव्हती म्हनली, हे आता त्याले कोन सांगल?"

गिऱ्हाईक आलं. तिने तागडी उचलली आणि मला म्हणाली, सरक, उजेड अडवून राहिला.